बजाज–टीव्हीएस पेटंट वाद : निकालाविना संपलेल्या खटल्याची नैतिक चिकित्सा

प्रस्तावना :
पेटंट अर्थात एकस्व हा संशोधक आणि समाज यांच्यातील एक करार होय. संशोधकाने आपले ज्ञान उघड करावे व त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला २० वर्षांची मक्तेदारी द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. या करारातील समाजाचा वाटा उद्योगसमूह कितपत पाळतात, हा औद्योगिक नीतिमत्तेचा कळीचा प्रश्न आहे. पुण्याची बजाज ऑटो आणि होसूरची टीव्हीएस मोटर यांच्यातील वाद या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

वादाचे स्वरूप :
बजाजने जुलै २००२ मध्ये केलेल्या अर्जावर २००५ मध्ये पेटंट क्रमांक १९५९०४ मंजूर झाले. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसवून इंधनाचे ज्वलन सुधारणे, हा त्याचा गाभा होता. ‘पल्सर’मुळे हे तंत्र ‘डी.टी.एस.-आय’ या नावाने सर्वपरिचित झाले. २००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सी.सी.ची ‘फ्लेम’ जाहीर केली. तिच्या इंजिनातही दोन प्लग होते. मात्र झडपा तीन होत्या. टीव्हीएसने पेटंट रद्द करण्याची मागणी केली व निराधार धमक्यांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. बजाजने तेथेच उल्लंघनाचा दावा दाखल केला.

फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला अंतरिम मनाई केली आणि ‘फ्लेम’ एका प्लगसह बाजारात आली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ही मनाई उठवली. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस मुभा देऊन हिशेब ठेवण्याचे बंधन घातले. बौद्धिक संपदेचे दावे अंतरिम आदेशांपाशीच अडकून राहतात, याबद्दल चिंता व्यक्त करून असे दावे साधारणतः चार महिन्यांत निकाली काढावेत, असेही न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१९ मध्ये उभय कंपन्यांनी तडजोड करून सर्व कार्यवाही मागे घेतली. तोवर पेटंटच्या २० वर्षांपैकी १७ वर्षे सरली होती.

नैतिक चिकित्सा :
दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. दोन प्लगची कल्पना जुनी असली, तरी लहान इंजिनात ती यशस्वी करणे हे संशोधनच, असा बजाजचा पक्ष होता. होंडाच्या पूर्वीच्या अमेरिकी पेटंटकडे बोट दाखवून यात नवे काही नाही, असे टीव्हीएसचे म्हणणे होते. पेटंट कायद्याच्या कलम १३(४) नुसार केवळ मंजुरी ही वैधतेची हमी नसते. त्यामुळे अंतिम निकालच याचे उत्तर देऊ शकला असता.

तडजोडीने पैसा व न्यायालयाचा वेळ वाचतो, हा युक्तिवाद खासगी मालमत्तेच्या वादात मान्य करता येईल. पेटंट मात्र एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नव्हे, तर सर्वांविरुद्ध असते. ते अवैध असेल, तर अन्य उत्पादक व ग्राहक यांना विनाकारण रोखले गेले. वैध असेल, तर संशोधक अभियंत्यांना त्यांचा न्याय्य मान मिळाला नाही. अन्याय कोणावर तरी झाला. कोणावर, हे मात्र अनिर्णितच राहिले.

मोठ्या कंपन्या बारा वर्षांचा खटला पेलू शकतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराला मात्र वकिलाची एक नोटीसही उत्पादन थांबविण्यास पुरेशी ठरेल. कलम १०६ त्याला निराधार धमकीविरुद्ध संरक्षण देते. पण त्यासाठीही दावाच लावावा लागतो. त्याच्या बाबतीत विलंब हाच निकाल असतो.

निष्कर्ष :
मक्तेदारीचा लाभ घेणाऱ्या उद्योगाने तिची कसोटी पूर्ण होऊ देणे, हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. तडजोड करायचीच असेल, तर दाव्याची व्याप्ती कोठपर्यंत मानली, हे तरी जाहीर व्हावे. वाणिज्य व विधी शाखांच्या अध्यापनात हा खटला अंतरिम मनाईच्या तत्त्वांसाठी अभ्यासला जातो. त्याचा न लागलेला निकालही तितकाच अभ्यासला जाणे आवश्यक आहे.