भूमापक क. आणि मुदतीचा परवाना

काफ्काच्या ‘द कॅसल’ ह्या कादंबरीविषयी लिहिताना पुष्कळ टीकाकार पहिल्या दोन परिच्छेदांतच गाव सोडून स्वर्गात पोहोचतात. मॅक्स ब्रॉडने किल्ल्याचा अर्थ ईश्वरी कृपा असा लावला, आणि तेव्हापासून तिच्यातील बर्फ, खाणावळी व कारकुनांच्या फायली ह्यांना प्रतीकांची कळा आली. तो अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु १९२६ साली प्रसिद्ध झालेली ही अपूर्ण कादंबरी प्रथमतः, काम करू इच्छिणाऱ्या आणि त्याची परवानगी कधीच पक्की न होणाऱ्या एका माणसाची हकीकत आहे. मी केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून; माझे लक्ष आधी तिकडे गेले, हा दोष मी पत्करतो.

क. भूमापक म्हणून गावात येतो. खात्याखात्यांतील पत्रव्यवहाराच्या घोटाळ्यातून हा प्रकार उद्भवला, भूमापकाची गरज नाही, असे गावप्रमुख त्यास सांगतो. तरीही त्याला मदतनीस मिळतात. न केलेल्या मोजणीबद्दल क्लामचे शाबासकीचे पत्रही येते. प्रत्यक्षात पदरात पडते ती शाळेतील शिपायाची जागा.

हे प्रकरण मी दुसऱ्यांदा वाचले ते न्यू जर्सीतील माझ्या मावसभावामुळे. तो तेथे संगणक-अभियंता आहे आणि कायम निवासाच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या, रांगेत आहे. १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर अशी सुमारे १,४०,००० कार्डे वर्षाला ठरविली. त्यांत बायकामुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. साहजिकच भारतीयांची रांग लांबली. एच-१बी परवाना मुळात सहा वर्षांचा. तो संपल्यावर काय? २००० सालच्या कायद्याने तोड काढली: मालकाचा अर्ज मंजूर असून केवळ रांगेमुळे कार्ड अडले असेल, तर तीन तीन वर्षांची वाढ मिळते. नोकरी सुटल्यास मात्र, २०१७पासूनच्या नियमाप्रमाणे, अधिकात अधिक साठ दिवस. तेवढ्यात नवा मालक शोधावयाचा. रांगेतली तारीख सहसा टिकते, पण श्रमखात्याच्या दाखल्यापासून सारे कागद पुन्हा.

तारीख जवळ येऊन अखेरचा अर्ज करता आला, की कामाचे निराळे कार्ड मिळते. त्याची मुदत २०२३मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढली होती. डिसेंबर २०२५मध्ये ती अठरा महिन्यांवर आणली गेली. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५पासूनच्या बहुतेक नूतनीकरण-अर्जांना पूर्वी आपोआप मिळणारी वाढही बंद झाली. नवे कार्ड वेळेवर आले नाही, तर त्या कार्डावरचे काम थांबते. म्हणून जाणती माणसे ते खिशात असतानाही जुना एच-१बी जिवंत ठेवतात.

ललित वाङ्मयाच्या मासिकात हा तपशील कशाला, असे कोणी विचारील. माझी तक्रार नेमकी तीच आहे. माझ्या वाचनात आलेल्या मराठी परदेशस्थ कथांत बर्फ असतो, आईचे पत्र असते, परतावे की राहावे हा प्रश्न असतो. आणि तो प्रश्न केवळ मनाचा आहे असे लेखक धरून चालतो. मावशीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझा भाऊ आला नाही. देशाबाहेर पडल्यावर परत शिरण्यास पारपत्रावर नवा शिक्का हवा होता, आणि वकिलातीत त्यासाठी वेळ कधी मिळेल हे सांगता येत नव्हते. घरात अर्थ लागला तो एवढाच, की मुलगा पैशाला चिकटला. आमचा कथालेखकही बहुधा हाच अर्थ लावून मोकळा झाला असता. मावशी अद्याप त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांनाही परमुलखाची सवय आहे खरी. पण दिल्लीत नोकरी करण्यास मला कोणाचा परवाना लागत नाही. ‘आपण सारे परदेशस्थच’ असे जे आपल्या संमेलनांतून म्हटले जाते, ते म्हणूनच मला फार सैल वाटते.

अर्थात काफ्काही येथे पुरा पडत नाही. क.ला नियम ठाऊक नाहीत, म्हणून तो भांडतो. माझ्या भावाला ते पाठ आहेत. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला तारखांचे पत्रक छापते आणि तो ते कॅलेंडरासारखे वाचतो. त्याचे वेतन उत्तम आहे, घर उबदार आहे. अशा माणसाची भीती कथेत दिसावी तरी कशी? चांगली चालून आलेली नोकरी तो नाकारतो, आणि त्या नकाराचा आवाज होत नाही. हे लिहिणे किल्ला रंगविण्याहून अवघड आहे, आणि ते मराठीत लिहिले जावे असे मला वाटते.

काफ्काने योजलेला शेवट ब्रॉडने नोंदवून ठेवला आहे. क. मरणशय्येवर असताना निरोप येतो: गावात राहण्याचा त्याचा कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही, तथापि काही आनुषंगिक परिस्थिती लक्षात घेऊन त्यास तेथे राहण्याची व काम करण्याची मुभा देण्यात येत आहे. हे मी भावाला दूरध्वनीवर ऐकविले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, ती मुभा किती मुदतीची होती?”

ब्रॉडच्या टिपणात मुदतीचा उल्लेख नाही.