लोणी लावलेल्या पावाची हाक

जॉर्ज ऑर्वेल हा बिहारमधील मोतीहारी येथे 1903 साली जन्मलेला इंग्रज लेखक. 1936 च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यास गेला. त्याच प्रजासत्ताकाच्या प्रदेशात हजारो धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले. बार्सेलोनाचे सग्रादा फामिलिया मंदिर सुरक्षित राहिल्याची खंतही हा गृहस्थ व्यक्त करतो. त्यामुळे त्याचे 'होमेज टू कॅटलोनिया' (1938) हे पुस्तक आम्ही मनात अढी ठेवूनच उघडले. ती अढी पुरती गेली नाही. तथापि एका प्रसंगाने आम्हांला अंतर्मुख केले.

आरागॉनच्या आघाडीवर खंदकाखंदकांतून कर्ण्याने प्रचार चाले. समोरच्या सैन्यात सक्तीने भरती झालेले गरीब शिपाई होते. त्यांनी पळून यावे हा हेतू. एक पट्टीचा ओरडणारा घोषणा बाजूस ठेवून सांगे, आम्ही इकडे लोणी लावलेला भाजलेला पाव खात आहोत! लोणी त्याच्याही दृष्टीस कित्येक दिवस पडले नव्हते. हे खोटे आहे हे ठाऊक असूनही आपल्या तोंडाला पाणी सुटले, अशी ऑर्वेलची प्रांजळ कबुली आहे.

पुस्तकाचे मोठेपण या कबुलीत आहे. शत्रूच्या असत्यावर बोट ठेवणारे पुष्कळ. स्वपक्षाचे असत्य आपल्यालाही गोड लागले असे सांगणारा विरळा. गोळी घालण्यापेक्षा हाक मारणे बरे, हे त्याचे मतही आम्हांला मान्य आहे. परंतु त्या हाकेवर विसंबून जीव धोक्यात घालून आलेल्या भुकेल्या शिपायाला लोणी न दिसल्यावर काय वाटले असेल? हा प्रश्न लेखक पुढे नेत नाही. तेथे पुस्तक उणे पडते.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो कर्जत तालुक्यातील एका ठाकुरवाडीमुळे. उपवासकाळात तेथे मुक्कामास असताना प्रचाराची गाडी नळाच्या पाण्याचे आश्वासन देत वर आली. रिकामा हंडा घेऊन निघालेली एक आजी म्हणाली, "फादर, भोंग्यात पानी लई हाय, हंड्यात नाय." तहानलेल्याला पाण्याचे आणि भुकेल्याला लोण्याचे नाव सांगणे, ही खोटी साक्ष आठव्या आज्ञेखाली येतेच, ती अधिक क्रूरही आहे.

पुढे 1941 ते 1943 ऑर्वेल स्वतःच बी.बी.सी.वरून हिंदुस्थानसाठी युद्धप्रचार करीत होता. त्याची साप्ताहिक वार्तापत्रे मराठीतही भाषांतरित होत. राजीनामा देताना त्याने दोन गोष्टी नोंदवल्या : मनाविरुद्ध बोलण्याची सक्ती आपल्यावर कधी झाली नाही, आणि हे काम निष्फळ आहे. खंदकातला तो कर्णा त्याच्या कानांत तेव्हाही घुमत असावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या हातीही दर रविवारी ध्वनिक्षेपक असतो. त्या आजीच्या हंड्याकडे पाहून बोलण्याची सवय आम्ही अजून शिकत आहोत. वाचकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. अढी असेल तर अढीसह वाचावे.