रौप्य दीनार : मुद्रा आणि दावा

रोमन साम्राज्यातील सामान्य प्रजाजनास राजकवींची काव्ये ठाऊक नसत. रौप्य दीनार मात्र त्याच्या हाती येई. सत्तेने स्वतःविषयी लिहिलेला तो सर्वांत छोटा ग्रंथ होय. ग्रंथाप्रमाणेच त्याचेही रसग्रहण व्हावे आणि सत्यासत्यही तपासले जावे.

सम्राट तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) याचा दीनार पाहा. दर्शनी बाजूस पर्णमुकुट धारण केलेले मस्तक व 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' या अर्थाचा संक्षिप्त लेख. मागील बाजूस राजदंड व डहाळी घेतलेली आसनस्थ स्त्री आणि 'महापुरोहित' ही पदवी. ही स्त्री शांतिदेवता, की त्या रूपातील राजमाता लिव्हिया, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या संदिग्धतेतच प्रतिमेचे सामर्थ्य आहे. शांती म्हणजेच राजघराणे, असे ती न बोलता सुचविते.

कराविषयीच्या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेल्या उत्तराशी परंपरेने हेच नाणे जोडले जाते. त्या उत्तराचा 'राज्य निराळे, धर्म निराळा' असा सुटसुटीत अर्थ प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो. मुद्रा वाचल्यावर तो अपुरा वाटतो. जेथे कैसर स्वतःस देवपुत्र व महापुरोहित म्हणवितो, तेथे सरळ वाटणी कशी होणार? चांदी त्याला परत करता येईल. त्याचा दावा मान्य करता येणार नाही.

नाण्यावरील प्रतिमा नेहमीच खरे बोलत नाहीत. इ. स. २०२ मध्ये कॅराकॅलाशी विवाहबद्ध झालेल्या प्लॉटिलाच्या दीनारांवर वधूवरांचे हस्तमीलन व 'शाश्वत ऐक्य' हे शब्द आढळतात. २०५ मध्ये तिला हद्दपार करण्यात आले. पुढे तिचा वध झाला. धातूची कथाही तीच. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेल्या चांदीचा कस नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास घटविला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत ती सुमारे निम्म्यावर आली. शांती, ऐक्य, निष्ठा यांच्या मूर्ती मात्र पूर्वीच्याच डौलाने झळकत राहिल्या.

दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूर परिसरात, ऑगस्टस व तिबेरियस यांचे दीनार मोठ्या संख्येने सापडले आहेत. तेथे कैसरची आज्ञा चालत नव्हती, त्याची चांदी चालत होती. संस्कृतनेही 'दीनार' हा शब्द स्वीकारला. त्यावरील देवत्वाचा दावा मात्र त्याच्यासोबत आला नाही. नाणे आणि त्यावरील दावा वेगळे करता येतात, याचा हा इतिहासाने दिलेला पुरावा होय.