१६ टक्के आणि एक रुग्ण

पेपरमध्ये ‘धोका १६ टक्क्यांनी वाढला’ असं दिसलं की आधी टेबल बघा. वजन कमी करणाऱ्या सिब्युट्रामिनवरचा ‘स्काउट’ अभ्यास २०१० साली आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, प्लासिबो गटात १० टक्के. २०११ मध्ये भारतात बंदी आली. धोरणासाठी एवढा पुरावा पुरतो.

पण समजा, झटका आलेला रुग्ण अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेला. तो त्या दहांतला की जादाच्या १.४ मधला? पेपर हे सांगू शकत नाही. शिवाय सहभागी बहुतेक आधीच हृदयविकाराचे. त्यांना हे औषध देऊच नये, असं लेबलवर होतं. अभ्यासाची मोठी मर्यादा हीच.

मग रुग्णाच्या हातात काय उरतं? पुरेसा इशारा दिला नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकावर दावा. इशारा असूनही डॉक्टरांनी औषध दिलं, तर सेवेतली त्रुटी; पैसे घेऊन केलेले उपचार १९९५ च्या शांता निकालापासून ग्राहक कायद्यात येतात. मुदत दोन वर्षं. म्हणून प्रिस्क्रिप्शन, बिल, बॅच नंबर जपायचे.

आता सेमाग्लुटाइडवरचे पेपर वाचाल, तेव्हा दोन प्रश्न वेगळे लिहा: औषधाने धोका वाढतो का? आणि या माणसाला त्यानेच इजा झाली का?