'ऊर्ध्वपातन' : शब्द आणि व्याख्या

मराठी पाठ्यपुस्तकांत 'ऊर्ध्वपातन' म्हणजे डिस्टिलेशन. हिंदीत हाच शब्द आपण ज्याला संप्लवन म्हणतो त्यासाठी आहे. डिस्टिलेशनला तेथे 'आसवन' म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडचा मराठी घरातला विद्यार्थी येथेच अडखळतो. उर्दूतील 'तक्तीर' (कतरा म्हणजे थेंब) निदान थेंब तरी डोळ्यांपुढे आणतो.

परंतु आमचा खरा आक्षेप शब्दावर नाही. 'कमी उत्कलनांकाचा घटक उडून जातो, दुसरा मागे राहतो' ही वर्गात सर्रास सांगितली जाणारी व्याख्याच सदोष आहे. वाफेत दोन्ही घटक असतात, बदलते ते प्रमाण. द्रवातील शंभर रेणूंपैकी १० अल्कोहोलचे व बाकीचे पाण्याचे असतील, तर समतोलातील वाफेत सुमारे ४४ अल्कोहोलचे असतात. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की प्रमाण आणखी वाढते; कारखान्यातील उंच स्तंभात हेच पुनःपुन्हा घडते. मात्र वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर, ७८.२ अंश सेल्सिअसला, द्रव आणि वाफ यांतील प्रमाण सारखेच होते. वातावरणाच्या दाबाखाली नुसत्या उकळण्याने त्यापुढे जाता येत नाही. वरील व्याख्या पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा आकडा शंभर का नाही, हे सांगता येणार नाही.