दोषदर्शन आणि हौशी छायाचित्र

हौशी छायाचित्रकाराला त्याच्या छायाचित्राविषयी दिला जाणारा अभिप्राय हा समीक्षेचा प्रकार मानावा की अध्यापनाचा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. साहित्यसमीक्षेला तर त्याची दखल घेण्याचे कारणच पडलेले नाही. तथापि कर्त्याचा हेतू, दोषाचे स्वरूप, कलाकृतीची स्वायत्तता हे प्रश्न साहित्यविचारात तत्त्वचर्चेच्या पातळीवर राहू शकतात. येथे मात्र ते व्यवहारात उभे ठाकतात. कर्ता समोर बसलेला असतो आणि समीक्षकाच्या बोलण्यावर त्याचे पुढचे छायाचित्र काही अंशी अवलंबून असते.

हौशी मंडळींनी एकत्र येऊन एकमेकांची छायाचित्रे पाहावीत, ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. १९३७ मध्ये त्याच शहरात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. अशा मंडळांमधून रूढ झालेली परीक्षणाची पद्धत साधारणतः ठरीव असते. छायाचित्रे नावाविना मांडली जातात आणि परीक्षक एकेका चित्रावर दोन-तीन मिनिटे बोलतो. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास देऊन जो प्रयोग केला आणि १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्याची येथे सहज आठवण व्हावी. त्या प्रयोगात वाचकांच्या ठरीव प्रतिक्रिया आणि तंत्राविषयीचे पूर्वग्रह उघडे पडले. छायाचित्रमंडळातही तेच घडते. फरक इतकाच की तेथे उघडा पडतो तो परीक्षक, आणि ते ध्यानी घेणारा कोणी रिचर्ड्‌स सभागृहात बहुधा नसतो. शिवाय रिचर्ड्‌स यांचे कवी त्या वर्गात उपस्थित नव्हते. येथे अनामिक कर्ता तिसऱ्या रांगेत बसून ऐकत असतो.

तो काय ऐकतो? क्षितिजरेषा मध्यावर आली आहे, विषय चौकटीच्या ऐन मध्यभागी आहे, कोपऱ्यातील उजळ ठिपका नजर बाहेर खेचतो. या शेऱ्यांमागे तृतीयांशाचा नियम उभा असतो. या नियमाला हे नाव देऊन तो मांडला जॉन टॉमस स्मिथ यांनी, १७९७ मध्ये, आणि तोही निसर्गचित्रणाच्या संदर्भात. कॅमेऱ्याचा जन्म अद्याप व्हावयाचा होता. पुढे हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ च्या आपल्या पुस्तकात चित्रकलेतील रचनेचे संकेत छायाचित्रकारांसाठी पद्धतशीरपणे मांडले. रॉबिन्सन स्वतः अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र सिद्ध करीत. १८५८ चे त्यांचे प्रसिद्ध मृत्युशय्येचे चित्र पाच निगेटिव्हांचे आहे. रचना मनाप्रमाणे जुळवू शकणाऱ्या कर्त्याने सांगितलेले नियम, समोर जे आहे त्यातूनच निवड करणाऱ्या कर्त्याला जसेच्या तसे लागू करणे ही मुळातली विसंगती होय. नियम खोटे आहेत असे नव्हे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीच्या घटनेचे स्वरूप सांगितले, पण कोणत्या कवितेत समतोल कसा साधावा याची कृती त्यातून मिळत नाही. विश्लेषणासाठी घडविलेल्या संज्ञा निर्मितीचा विधी म्हणून वापरल्या गेल्या की एकमेकांसारखी दिसणारी छायाचित्रे तयार होतात. दिवे घाटातील पालखीचे उंचावरून टिपलेले वळण त्याचमुळे वर्षानुवर्षे तेच राहते.

दोषांची यादी अचूक असूनही निर्णय चुकू शकतो, याचे उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले आहे. रॉबर्ट फ्रँक यांचे ‘द अमेरिकन्स’ १९५८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. हौशी छायाचित्रकारांमध्ये खपणाऱ्या ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकाने १९६० मध्ये त्यावर अनेकांचे अभिप्राय छापले. त्यांतील प्रतिकूल अभिप्रायांत अस्पष्टता, कणीदारपणा, मलिन उजेड, कललेली क्षितिजे अशी तक्रार होती. हे सर्व त्या चित्रांत होते. वर्णन म्हणून हे शेरे निर्दोषच म्हणावे लागतात. चूक झाली ती वर्णनाला निर्णय मानण्यात.

संस्कृत काव्यशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मम्मटाने दोषाभावाला काव्यलक्षणातच स्थान दिले, तर विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला, कारण तसे मानल्यास काव्य जवळजवळ दुर्मिळच ठरेल. आनंदवर्धनाचे म्हणणे याहून उपयोगाचे आहे. श्रुतिदुष्टतेसारखे दोष अनित्य आहेत; शृंगारात जे टाळावयाचे तेच रौद्रात दोष राहत नाही. दोष ठरविण्यापूर्वी रस ठरवावा लागतो, हा त्याचा आशय. छायाचित्राच्या भाषेत सांगावयाचे तर, हे चित्र काय करू पाहते आहे हे समजल्याखेरीज त्यातील अस्पष्टता दोष आहे की नाही हे सांगताच येत नाही. ‘ध्वन्यालोका’तील आणखी एक भेद हौशी कलावंताच्या संदर्भात विशेष मोलाचा ठरतो: अव्युत्पत्तीतून आलेला दोष आणि अशक्तीतून आलेला दोष. पहिला कवीच्या शक्तीने झाकला जातो, दुसरा तत्काळ दिसतो. मंडळातील परीक्षण नेमके उलटे चालते. कललेले क्षितिज सर्वांना दिसते आणि त्याविषयी बोलले जाते. छायाचित्रकाराने काहीच पाहिलेले नाही, केवळ इतरांनी पाहिलेले पुन्हा टिपले आहे, हे मात्र चित्र नीटनेटके असल्यामुळे बोलले जात नाही. वस्तुतः व्युत्पत्तीचा अभाव दोन शिबिरांत भरून निघतो.

हे चित्र काय करू पाहते, हे मग कोणी सांगावे? विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याचा हेतू हा निर्णयाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. हौशी छायाचित्राबाबत हा सिद्धान्त अर्धाच टिकतो. समजा, एखाद्याने वारीतील एका वृद्ध स्त्रीचे छायाचित्र आणले आहे. पहाटेचा गारवा, टाळांचा नाद, तिने थांबून उच्चारलेले चार शब्द हे सारे त्याच्या स्मरणात त्या चित्राला चिकटलेले आहे. चित्र पाहताना त्याला ते दिसते. परीक्षकाला दिसतो तो डोक्यावरची तुळस अर्धी कापली गेलेला, पाठीमागच्या टेम्पोच्या गर्दीत हरवलेला एक चेहरा. रोलां बार्थ यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात आईच्या बालपणीच्या छायाचित्रावर इतके लिहिले, पण ते छायाचित्र छापले नाही, कारण इतरांच्या लेखी ते एक सामान्य चित्रच ठरले असते. प्रत्येक हौशी छायाचित्रकाराजवळ असे हिवाळी बागेतले एक चित्र असते, आणि तो ते छापून मोकळा होतो. हेतूची चौकशी येथे निकष म्हणून नव्हे, तर साधन म्हणून आवश्यक ठरते. परीक्षकाने आधी आपल्याला कागदावर काय दिसते ते सांगावे, मग कर्त्याला काय दिसत होते ते विचारावे. या दोन वर्णनांतील अंतर हाच खरा अभिप्राय असतो. क्रम उलटला तर परीक्षकालाही टाळांचा नाद ऐकू येऊ लागतो.

राजशेखराने भावकांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी अरोचकी आणि मत्सरी यांची धास्ती सर्वांनाच असते. हौशी मंडळांत खरा उपद्रव सतृणाभ्यवहारीचा असतो. गवतासकट सगळेच गिळणारा हा भावक प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणतो, आणि आवड शेवटी व्यक्तिगत असते, असे म्हणून चर्चा मिटवतो. दिसावयास हे औदार्य आहे. पण त्या चित्राकडे कोणी पाहिलेच नाही, असाही त्याचा अर्थ होतो.

कवितेवरील अभिप्रायाहून छायाचित्रावरील अभिप्राय आणखी एका बाबतीत वेगळा आहे. कविता पुन्हा लिहिता येते. छायाचित्रातील क्षण गेलेला असतो. ‘दोन पावले डावीकडे सरकायला हवे होते’ हा शेरा त्या चित्रासाठी निरुपयोगी आहे. तो पुढच्या चित्रासाठी आहे, आणि तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. हातात उरते ते काटछाट, छटांचा समतोल आणि निवड. कार्तिए-ब्रेसाँ काटछाटीच्या विरोधात होते. तरीही गार सँ-लाझारच्या मागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ चे चित्र कुंपणाच्या फटीतून घेतलेले असून अडलेला भाग कापूनच छापले गेले. उडी मारणारी आकृती अस्पष्ट आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावयास हवे. निवडीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. एका चित्रावर बोलण्याऐवजी त्याच्या आगेमागे घेतलेली दहा चित्रे मागून घेतली, तर छायाचित्रकार कशाकडे ओढला जात होता आणि कोठे कंटाळून थांबला हे कळते. मोबाइलमुळे आता एकाच प्रसंगाची चाळीस चित्रे सहज उपलब्ध असतात. अभिप्राय देणारे मात्र अजूनही एकच पाहतात.

एका हौशी चित्राच्या परीक्षणाने इतिहास घडल्याचेही उदाहरण आहे. १८८७ मध्ये ‘द अमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाच्या सुटीतील छायाचित्रांच्या स्पर्धेत पीटर हेन्री एमर्सन यांनी बर्लिनमध्ये शिकणाऱ्या अल्फ्रेड स्टीग्लिट्‌झ या तरुणाच्या इटलीतील हसऱ्या मुलांच्या चित्राला पहिले पारितोषिक दिले, ते त्यातील उत्स्फूर्ततेकडे बोट दाखवून. रॉबिन्सनप्रणीत रचनेच्या त्या काळात हा निर्णय साधा नव्हता. याच एमर्सन यांनी १८८९ मध्ये निसर्गवादी छायाचित्रणाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला आणि थोड्याच काळात तो जाहीरपणे मागेही घेतला. ग्रंथातील नियम त्यांना टाकून द्यावे लागले. मुलांच्या चित्रावरचा निर्णय टिकला.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. प्येर बूर्दिय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की छायाचित्राचे मोल सामान्य माणूस त्याच्या उपयोगावरून करतो: हे कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, कोणाला दाखवावयाचे. बारशाच्या चित्रात आजी चौकटीच्या ऐन मध्यभागी असते, ती तिचीच जागा म्हणून. ते चित्र मंडळात परीक्षणासाठी आले, तर कर्ता ते कोणत्या नात्याने आणतो आहे, आजीचा नातू म्हणून की छायाचित्रकार म्हणून, हे परीक्षकाने पहिल्या वाक्याआधी विचारून घ्यावयाचे असते. आणि उत्तर ‘नातू’ असे आले, तर चित्र परत करावयाचे असते.