तुका म्हणे आणि नुसतेच म्हणे

आपल्याकडच्या टीकाकारांनी काही म्हणून सोडलेले नाही. कथा झाली, कविता झाली, नाटक झाले, आत्मचरित्र झाले. लावणीवरसुद्धा जाड भिंगाचा चष्मा लावून लिहून झाले. पण ज्या वाङ्मयप्रकाराचा खप सगळ्यात जास्त, जो चौथी नापास माणूसही दिवसातून पन्नास वेळा लीलया हाताळतो, त्याच्याकडे कुणा समीक्षकाचे लक्ष गेलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. तो प्रकार म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकवणे. विद्वान लोक याला उद्धृत म्हणतात. लासुर्ण्याच्या एस. टी. स्टँडवर याला वेगळे नाव नाही, कारण तिथे दुसरे काही बोललेच जात नाही.

लासुर्णे हे आमचे गाव. बारामतीहून इंदापूरला जाताना दोन्ही बाजूंच्या उसातून ते एकदम रस्त्यावर येते. गावाला ऊस, कालवा आणि बातमी या तिन्हींची टंचाई सहसा पडत नाही. पडलीच तर पहिल्या दोहोंची.

या वाङ्मयप्रकाराचे व्याकरण आधी पाहू. दुसऱ्याचे वाक्य आले की साहेब त्याला दोन्हीकडून अवतरणचिन्हांचे कुंपण घालतो. मराठीत ही कुंपणे आली एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडीसाहेबांच्या हातून. त्याआधी शेकडो वर्षे आपण काय करत होतो? आपण 'म्हणे' म्हणत होतो. हा शब्द फार गुणी आहे. त्याच्या आधी नाव लावले की तो साक्षीदार होतो, आणि नाव काढले की अफवा. 'तुका म्हणे' म्हटले की बोलणारा कोण, देहूला राहतो, दुकान कसले, सगळे डोळ्यांपुढे येते. शंका असेल त्याने जाऊन विचारावे. पण 'सोसायटीत घोटाळा झाला म्हणे' या वाक्यातल्या 'म्हणे'ला आईबाप नसतात. त्याला जाब विचारता येत नाही आणि जेवायलाही बोलावता येत नाही.

तुकोबांचे नाव आले ते उगीच नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी त्यांची पालखी सणसरवरून येते, बेलवाडीला रिंगण होते आणि मग लासुर्ण्यावरून ती अंथुर्णे, निमगाव केतकीकडे जाते. त्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस तुकोबांचे काहीतरी ऐकवतो. ते तुकोबांचे असतेच असे नाही. सरकारने १९५० साली गाथा छापली, तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. आमच्या गावचे धरले तर हा आकडा सहज सात-आठ हजारांवर जाईल. जावयाला उद्देशून, सावकाराला उद्देशून, एवढेच काय युरियाच्या टंचाईवरसुद्धा तुकोबांनी काहीतरी म्हणून ठेवलेले आहे. खुद्द तुकोबांना त्यांच्या हयातीत उलटाच त्रास होता. सालोमालो नावाचा गृहस्थ त्यांचे अभंग उचलून त्यांवर स्वतःचे नाव घालत असे म्हणतात. (पाहा, मलाही इथे 'म्हणतात' घालावेच लागले.) त्याच्याविषयी तुकोबांनी अभंगातच तक्रार केली आहे. सालोमालो चोर खरा, पण मला विचाराल तर तो त्यातल्या त्यात बरा. त्याने दुसऱ्याचे चांगले वाक्य आपल्या तोंडी घातले. आपले रद्दड वाक्य तुकोबांच्या तोंडी घालणाऱ्याला काय म्हणावे?

एकनाथमहाराजांना हे पक्के ठाऊक होते. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये. तीनशे वर्षांत ज्याला ज्याला ओवी सुचली त्याने त्याने ती आत सरकवून दिली. नाथांनी १५८४ मध्ये बसून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले, की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवतो आहे. उद्धृतांच्या सभ्यतेवर मराठीत याहून चांगली टीका पुढे झालेली मला माहीत नाही. दुसऱ्याच्या ताटात आपली वाटी ठेवू नये, हे आपण पंगतीत पाळतो. बोलण्यात मात्र सर्रास ठेवतो आणि वर तूप वाढायला सांगतो.

जुने लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते, हे मी उगाच जुन्याचा अभिमान म्हणून सांगत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यातली पानिपतापर्यंतची पत्रे चाळून पाहा. उत्तर लिहिणारा आधी पत्र पावल्याचे सांगतो, मग तुम्ही अमुक लिहिले असे लिहून समोरच्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो, आणि त्याखाली 'त्यास' म्हणून आपले उत्तर जोडतो. करारमदारांच्या यादींत तर कलमाकलमाला हीच रीत: मागणी वर, निकाल तिच्याखाली. जासूद महिना-महिना वाटेत असायचा. तोवर धन्याने आणखी चार पत्रे लिहिलेली असायची. कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर, हे सांगितले नाही तर फौज भलतीकडे जायची. 'होय, चालेल' एवढेच लिहून पाठवण्याची चैन पेशव्यांनासुद्धा परवडत नव्हती.

ती चैन पोस्टकार्डाने आणली. आमच्या भावकीत एक गोष्ट अजून सांगतात. एका गृहस्थांनी सोयऱ्यांना पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. मुलगी बघायला कधी येऊ, आजारी आत्याबाईंचे कसे आहे, आणि कालवड विकायची आहे असे ऐकले ते खरे का. सोयरे मितभाषी. उलट टपाली कार्ड आले: "पत्र पोचले. पहिलीला सोमवारी येऊन पाहून जावे. दुसरीची आता आशा ठेवू नये. तिसरीचे दुसरीकडे ठरले. कळावे, लोभ असावा." झाले! आपण कुठला प्रश्न आधी विचारला होता, ते गृहस्थांना काही केल्या आठवेना. आजी म्हणाली, तुझ्या जिवाला आधी कालवडच आठवणार. बायको म्हणाली, आत्याबाईंना शेवटी टाकलं असशील. रात्रभर त्या तिघींच्या जागा बदलून पाहिल्या. कशाही बदलल्या तरी काहीतरी भयंकरच निघे. एका मांडणीत तर आत्याबाईंचेच दुसरीकडे ठरत होते. शेवटी सोमवारी ते निघाले तेव्हा एका पिशवीत खणनारळ, दुसरीत मोसंबी आणि खांद्यावर दावे, अशी सर्वांगीण तयारी होती. हे मी आमच्या घरी सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "बायकांना कालवडीच्या रांगेत बसवणाऱ्याला असंच कार्ड यायला पाहिजे." टीका म्हणून हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

कार्डवाल्याने काहीच उद्धृत केले नाही. सरकारी कचेरी सगळेच उद्धृत करते. 'विषय' झाला की 'संदर्भ' सुरू होतात: १) आपले अमुक तारखेचे पत्र, २) या कार्यालयाचे तमुक तारखेचे पत्र, ३) वरील पत्रास आलेले स्मरणपत्र. सातव्या संदर्भापर्यंत वाचणाऱ्याला धाप लागते आणि खाली पत्र काय, तर 'उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, सदरची बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.' सत्कारसमारंभातले वक्तेही याच घराण्यातले. "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलेलंच आहे" असे म्हणून ते सगळे पुन्हा सांगतात.

आता फोनवर उद्धृताची सोय आयती झाली आहे. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचाही निरोप बोटाने धरला की तो आपल्या उत्तराच्या डोक्यावर जाऊन बसतो, नावासकट. यंत्राने बिचाऱ्याने 'तुका' आणि 'म्हणे' यांची पुन्हा गाठ घालून दिली. आमचे लोक काय करतात? कुणीतरी सकाळी पाच फूट लांबीचा सुविचार टाकतो. तो सगळा उचलून त्याखाली 'छान' असे लिहितात. आणि जिथे गरज असते तिथे उचलत नाहीत. भावकीच्या गटात सकाळी एकाने बारशाचे आमंत्रण टाकले, त्याच्यामागून दुसऱ्याने म्हातारा गेल्याचे कळवले, आणि दुपारी एका काकांनी मोकळेच लिहिले, "अभिनंदन! आम्ही सर्व येत आहोत."

या कलेतला सर्वांत पारंगत कलावंत मात्र माझ्या घरातच आहे. आमची सौभाग्यवती माझे वाक्य मला ऐकवते तेव्हा साल, तिथी, मी कुठल्या खुर्चीत बसलो होतो आणि ऐकायला कोण कोण होते, हे सगळे त्यात येते. "१९९४ च्या दिवाळीत, पाडव्याला, तुमच्या वहिनींच्या देखत तुम्हीच म्हणाला होतात." आरोपाबद्दल मला इथे बोलायचे नाही. पण निव्वळ कारागिरी बघा. नाव आहे, जागा आहे, साक्षीदार आहे, वाक्यातला शब्द इकडचा तिकडे नाही. एवढी काळजी पीएच्. डी.च्या प्रबंधातही घेत नाहीत.

संस्थांच्या सभांत पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गावाकडे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. कल्पना किती थोर! नवे बोलण्याआधी, मागे तुम्ही काय बोललात ते ऐका. पण प्रोसिडिंग वाचले जाते तेव्हा चहा फिरत असतो, आणि लिहिणाराही भला माणूस असतो. आमच्या भागातल्या एका सभेत दोघांनी एकमेकांच्या सदऱ्याच्या गुंड्या तोडलेल्या मी पाहिल्या. प्रोसिडिंगात आले, 'साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.' यात खोटे काही नाही. साधक एक होता, बाधक दुसरा होता. फक्त गुंड्या गाळल्या.

गाळण्याचाच तर सगळा प्रश्न आहे. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे, खोकल्यासकट सांगत बसलो तर संसार कधी करायचा? कापावे लागतेच. आणि कापणारा बहुतेक वेळा शेवटाकडून कापतो. आमच्या नीरा डाव्या कालव्यासारखे आहे हे. हेडला पाणी धो धो, आणि टेलला येईपर्यंत नुसती ओल. आम्ही इंदापूरवाले टेलचे लोक, आम्हाला सांगायला नको. वाक्याच्या टेललाही पाणी पोचत नाही, आणि माणूस आपली अट, आपली माया, आपले 'पण' नेमके तिथेच ठेवतो.

आमच्या भावकीत आबा आणि तात्या असे दोघे सख्खे भाऊ. एका बांधाला लागून शेते, एकाच चारीवरून पाणी. एका उन्हाळ्यात पाळी उशिरा आली तेव्हा आबा पाटकऱ्याला म्हणाले, "तात्याला पानी देनार न्हाई, माझा खोडवा भिजल्याबिगर. मग त्यो चार दिस दारं धरंना का." यात वावगे काय आहे? थोरला भाऊ आपली पाळी आधी उरकून घेतो आणि पुढे धाकट्याला हवे तितके मोकळे करून देतो. हे वाक्य चारीवरून पिठाच्या गिरणीत आले ते "तात्याला पानी देनार न्हाई, आधी खोडवा म्हनं" असे होऊन. गिरणीतून स्टँडवर आले तेव्हा खोडवा वाटेत गळाला होता. "तात्याला पानी देनार न्हाई म्हनं." आणि संध्याकाळी तात्यांच्या वस्तीवर पोचले ते असे: "जित्ता हाय तवर तात्याला पान्याचा थेंब देनार न्हाई म्हनं." कोणी मुद्दाम आग लावली असेही नाही. एकाला घाई होती, एकाला नीट ऐकू आले नव्हते, एकाला वाक्य जरा फिके वाटले. पाटकऱ्याचे नाव पहिल्याच मुक्कामाला पडले होते, त्यामुळे तात्यांनी विचारायचे तरी कुणाला?

दोघे नऊ वर्षे बोलले नाहीत. तात्यांच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा पत्रिका आबांच्या दारावरून पुढे गेली. वाजंत्री ऐकू येत होती तितका वेळ आबा बांधावर खुरपे घेऊन बसले होते. त्या दिवसांत तिथे खुरपण्यासारखे काही नव्हते.

पुढे एका दहाव्याला सगळी भावकी नदीवर जमली. तो पाटकरीही आला होता, म्हातारा झालेला. कशावरून तरी पाण्याचा विषय निघाला आणि त्याने ते जुने वाक्य सहज सांगितले, अथपासून इतिपर्यंत. तात्या म्हणाले, "पुन्ना सांग." त्याने पुन्हा सांगितले. तात्यांनी तिसऱ्यांदा शेवटचा तुकडा तेवढा म्हणायला लावला. त्यावर कुणी काही बोलले नाही. परतताना दोघे भाऊ एका जीपमध्ये होते.

तेव्हापासून आबा वाक्य उलटे फिरवून बोलतात, अट आधी आणि नकार मागून. परवा पाळी आली तेव्हा ते स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी नव्या पाटकऱ्याला सांगत होते, "माझं भिजलं की तात्याकडं सोड, लागंल तेवढं घेऊ दे. भिजल्याबिगर मात्र सोडू नगं." मग ते चहावाल्या पोराकडे वळले. "मी काय म्हनलो रं? म्हन बरं." पोराने कपबशा विसळता विसळता सगळे वाक्य म्हणून दाखवले, शेवटच्या 'नगं'पर्यंत. तेव्हा कुठे आबांनी चहाचे पैसे काढले.